शून्याच्या आधी

भोंगा वाजला की शून्य. आत्याचं सगळं काम तिथून सुरू व्हायचं. भोंगा वाजल्यापासून पोहणारीच्या पायाची बोटं काठावरच्या उडीच्या ब्लॉकवरून सुटेपर्यंत किती वेळ गेला, मागच्या पायाने किती रेटा दिला, पुढच्याने किती, अंग हवेतून किती लांब गेलं, पाण्यात कोणत्या कोनात शिरलं आणि पंधरा मीटरची खूण डोक्याने कधी ओलांडली, एवढं सगळं ती मोजायची. बाहेरच्यांना वाटतं, उडी म्हणजे उडी, मारली की झालं. त्यांना समजावून सांगायचा नाद तिने केव्हाच सोडून दिला होता. शर्यतीत पहिली आणि चौथी यांच्यात पापणी लवायला लागतो तेवढ्या वेळाचासुद्धा फरक नसतो, आणि तो पुष्कळदा पाण्यात पडायच्या आधीच पडलेला असतो, हे ज्याला बघायचंच नाही त्याला काय दाखवायचं?

तलावावर तिला सगळेच आत्या म्हणत. खरं तर ती एकाच मुलीची आत्या. पण ती मुलगी सहाव्या वर्षापासून ओल्या फरशीवर ‘आत्या, आत्या’ करत मागे मागे हिंडायची, तेव्हा पहारेकऱ्यापासून संचालकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. मुलीला म्हणायचे बेडकी. शाळेच्या दाखल्यावर तिचं छान लांबलचक नाव होतं, पण पाळण्यातल्या पोरीचे पाय बघून बाप म्हणाला, “अरे, ही तर बेडकी!” आणि दाखल्यावरचं नाव दाखल्यावरच राहिलं. हा बाप म्हणजे आत्याचा मोठा भाऊ, तलावावरचा कोच. त्याला सगळे दादा म्हणत. सात आठवड्यांपूर्वी सकाळचा चहा अर्धा टाकून तो उठला, दोन पावलं चालला आणि पडला. डॉक्टर आले तेव्हा त्यांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आत्या रडली नाही. रडायचं नाही असं काही तिने ठरवलेलं नव्हतं, रडू आलंच नाही. दाताच्या डॉक्टरने भूल दिल्यावर आपलाच गाल कसा दुसऱ्या कुणाचा वाटतो, तशी ती आख्खी झाली होती. लोक येऊन गेले, “फार खंबीर हो तुम्ही,” म्हणाले, आणि तिने मान हलवली. पाचव्या दिवशी ती कामावर हजर. वहिनी रोज दुपारी फोन करायची. “वन्सं, जेवलात का?” “जेवले.” “खरंच?” “खरंच.” निम्म्या वेळा ते खरंही असायचं. पण काय जेवली ते विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

त्या शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता तिला निवड समितीकडे आकडे पाठवायचे होते. चौघींच्या रिलेच्या तीन जागा ठरल्या होत्या. चौथीसाठी बेडकी आणि दुसरी एक मुलगी यांच्यात रस्सीखेच होती. ही दुसरी इतकी उंच, की तिला सगळे शिडी म्हणत. शिडीलाही त्याचं काही वाटत नसे. निवडीच्या शर्यतीत दोघींची वेळ शतांशापर्यंत सारखी आली. समितीने डोकं खाजवलं आणि ठरवलं की ही चौथी मुलगी पहिला टप्पा पोहणार, म्हणजे भोंग्यावर ब्लॉकवरून तीच सुटणार, तेव्हा जिचा स्टार्ट चांगला ती आत. आणि स्टार्ट कुणाचा चांगला हे आत्याची यंत्रं सांगणार. भाची आणि आत्या, हे बरं दिसेल का, असं एकजण पुटपुटला. अध्यक्षांनी त्याला जागच्या जागी गप्प केलं. “ही बाई सख्ख्या आईचं वजनसुद्धा अर्ध्या ग्रॅमने कमी सांगायची नाही,” ते म्हणाले.

आणि आकडे काही धड नव्हते. दोन महिन्यांपूर्वी बेडकी भोंग्यानंतर एकाहत्तर शतांश सेकंदात ब्लॉक सोडायची. शिडीला चौऱ्याहत्तर लागायचे. आता शिडी तिथेच होती आणि बेडकी ब्याऐंशीवर गेली होती. अकरा शतांश म्हणजे काय, हे आत्याला कुणी सांगायला नको होतं. त्या पोरीच्या दहा वर्षांच्या पहाटा होत्या.

आत्याने आपल्याकडून काही शिल्लक ठेवलं नाही. ब्लॉकवर टाच टेकायला मागे तिरकी पट्टी असते, ती एक खाच पुढे घेऊन बघितली, मग मागे. कंबर चार बोटं वर घ्यायला लावली. मग पायच बदलले. पुढचा पाय ठरवायची जुनी पद्धत अशी की मुलीला सरळ उभं करायचं, बेसावध असताना पाठीमागून हलकं ढकलायचं, आणि तोल सावरायला जो पाय आपोआप पुढे येतो तो पुढचा. बेडकीचा डावा यायचा, आता उजवा आला. आत्याने नोंद केली आणि उजवा पुढे घेतला. फरक काडीचा नाही. पोरीने मात्र तोंडातून ब्र काढला नाही. पाय बदल म्हटलं की बदलायची, कंबर वर म्हटलं की वर. उलट पाण्यातून बाहेर येऊन, केसांतलं पाणी निपटत आत्याच्या खोलीच्या काचेशी यायची आणि एक बोट वर करून विचारायची, “आत्या, अजून एक?”

रोज असे वीस-वीस स्टार्ट. मेहनती आहे पोरगी, आत्या मनाशी म्हणायची. तिला कौतुकही वाटलं असतं, पण कौतुक वाटायची जागाच त्या दिवसांत सुन्न होती.

दादाच्या जागी आलेला नवा कोच भला माणूस होता, जरा घाबरट. गुरुवारी दारातूनच म्हणाला, “आत्या, माझ्याकडे शिट्टीवर बरी सुटते हो ती.”

“बरी म्हणजे किती?”

“बरी म्हणजे... बरी.”

“हातातल्या घड्याळावर?”

“हो.”

“मग ते तुमच्या अंगठ्याचं मोजमाप झालं. पोरीचं नाही.”

तो बिचारा आल्या पावली परत गेला. आत्या पुन्हा स्क्रीनकडे वळली. त्याचं म्हणणं दोन मिनिटं जरी ऐकून घेतलं असतं तर एक दिवस वाचला असता, पण आकड्यांवर पोसलेल्या माणसांना शब्दांनी कुणी काही सांगितलेलं रुचत नाही.

शुक्रवारी सकाळी बेडकीचे बारा स्टार्ट झाले. एक्याऐंशी, त्र्याऐंशी, ब्याऐंशी. आत्याने बाराही आलेख एकाखाली एक लावले आणि पहिल्यांदाच तिची नजर डाव्या कडेला गेली. ब्लॉकवरच्या वजन मोजणाऱ्या प्लेटवर वाकून तयार उभ्या असलेल्या माणसाची रेघ शून्यापाशी आडवी असायला हवी. ही रेघ आत येतानाच तिरकी येत होती. खालून वर. बाराच्या बारा वेळा.

“प्लेट बिघडली,” आत्या मोठ्याने म्हणाली, आणि कित्येक दिवसांत तिला पहिल्यांदा बरं वाटल्यासारखं झालं. यंत्र बिघडलं तर ते दुरुस्त करता येतं. तिने बेडकीला जेवायला पिटाळलं आणि तपासणीला लागली.

तिची तपासणीची रीत पक्की होती. आधी वीस किलोच्या तीन वाळूच्या पिशव्या ब्लॉकवर ठेवायच्या, मग स्वतः उभं राहायचं. स्वतःच का, तर तिच्याइतकं निश्चल उभं राहणं तलावावर कुणालाच जमत नसे. दादा म्हणायचा, “हिच्या डोक्यावर कावळा येऊन बसेल.” तिला त्याचा बारीकसा अभिमानही होता. एरवी ती नुसतं वजन बघायची. आज दोष शून्यापाशी दिसत होता, म्हणून तिने सगळा कार्यक्रम लावला: आज्ञा, भोंगा, कॅमेरे, सगळं. पिशव्यांची रेघ फूटपट्टीने ओढल्यासारखी आडवी आली. ठीक. आता माणूस. तिने सुरुवातीला तीस सेकंदांचा अवधी दिला, चपला काढल्या, काचेच्या खोलीतून बाहेर आली आणि ब्लॉकवर चढून उभी राहिली.

ब्लॉकखालच्या स्पीकरमधून दादा म्हणाला, “जागा घ्या.”

मग नेहमीसारखा त्याने घसा खाकरला. मग भोंगा वाजला.

सहा वर्षांपूर्वी हे यंत्र नवं आलं तेव्हा त्यात कुणातरी परक्या माणसाचा आवाज होता. दादा म्हणाला, “याला सर्दी झालीय. पोरी हसतील,” आणि मायक्रोफोन ओढून स्वतःच बोलला. बोलून झाल्यावर घसा खाकरला, तोही त्यात आला. “परत घेऊ,” आत्या म्हणाली होती. “राहू दे,” तो म्हणाला होता, “पंचांनाही घसा असतो.” हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण ती बसायची काचेच्या आत, जिथे पंपाच्या घरघरीपुढे काही ऐकू येत नाही, आणि हिरवा दिवा लागला की भोंगा वाजला असं समजायची. तिचा कार्यक्रम प्रत्येक फाईल शून्यापासून कापून तिच्यापुढे ठेवायचा. भोंग्याआधीचं सगळं एका वेगळ्या कप्प्यात जायचं. त्या कप्प्याला तिने स्वतःच नाव दिलं होतं: कचरा.

‘दादाचा आवाज,’ ती मनात म्हणाली. ‘हो, त्याचाच.’ आणि वाट बघितली. काही झालं नाही. ती हलली नव्हती, हे ती शपथेवर सांगू शकली असती. भोंग्यानंतर दहा सेकंद तशीच उभी राहिली, खाली उतरली, चपला घातल्या आणि आत जाऊन बसली.

तिची रेघही शून्यापाशी तिरकीच आत येत होती.

प्लेट बिघडलीच, ती म्हणणार होती. पण पिशव्यांची रेघ तर सरळ होती. प्लेट पिशव्यांसाठी चांगली आणि माणसांसाठी वाईट कशी असेल? तिने थोडा वेळ त्या दोन रेघांकडे बघितलं. मग इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. कचऱ्याचा कप्पा उघडून आपली न कापलेली फाईल बाहेर काढली.

वर वजनाची रेघ होती, खाली आवाजाची. वरची रेघ शांत, शांत, शांत. खाली ‘जागा घ्या’चा फुगवटा. वर अजून शांत. मग खाली एक लहानसा उंचवटा, घसा खाकरल्याचा, आणि त्याच्या बरोबर वर रेघेला पडलेली खाच. अशी खाच फक्त गुडघ्यांतला जोर गेला तरच पडते, हे तिनेच दोनशे जणांना शिकवलं होतं. खाचेनंतर रेघ थरथरत होती. भोंगा होऊन गेला तरी थरथरत होती. ती खाली उतरेपर्यंत थरथरत होती.

आत्या आपल्या गुडघ्यांकडे बघत राहिली. तिला काहीच कळलं नव्हतं.

मग तिने बेडकीच्या फायली काढल्या, सात आठवड्यांच्या. खाच तिथेच, खाकरण्याच्या वर. प्रत्येक स्टार्टला. पोरगी वाकून, स्नायू ताणून तयार व्हायची, बाप घसा खाकरायचा, गुडघे सुटायचे, आणि भोंगा वाजल्यावर तिला पुन्हा पहिल्यापासून जोर भरावा लागायचा. अकरा शतांश त्यात जात होते. पाय, पट्टी, कंबर, कशाचाही काही दोष नव्हता. त्याआधीच्या, दादा ब्लॉकशेजारी उभा असायचा तेव्हाच्या फायलींमध्ये खाच नव्हती.

बेडकी डबा खाऊन आली तेव्हा आत्या तशीच बसलेली होती.

“आत्या, अजून एक?”

“बस इथे.” बेडकी स्टुलावर बसली. “तुला तो ऐकू येतो ना? बाबा?”

पोरीने टॉवेलचं टोक बोटाला गुंडाळलं. “हो.”

“पहिल्या दिवसापासून?”

“हो.”

“मग मला बोलली का नाहीस?”

“तू काढून टाकलं असतंस.”

हे खरं होतं. तिने नक्की काढून टाकलं असतं, दोन मिनिटांत, आणि वर तारीखही टाकली असती.

“तो खाकरतो ना,” बेडकी म्हणाली, “तेव्हा वाटतं, पुढे काहीतरी म्हणेल. मला माहितीय, नाही म्हणणार. पण पायांना कळत नाही.”

“म्हणून रोज वीस-वीस?”

“कधी कधी बावीस.”

आत्याने घड्याळ बघितलं. दीड वाजला होता. “पाच वाजता आकडे जायचेत,” ती म्हणाली. “आज्ञा माणसाने तोंडाने दिली तरी नियमात बसते. मी देते. पण मग शिडीलाही परत घ्यायचं, तिलाही माझ्याच आवाजावर. नाहीतर मी काही पाठवणार नाही.”

“शिडीला बोलवच. नाहीतर ती मला आयुष्यभर ऐकवेल.” मग बेडकी हळूच म्हणाली, “पण तो पुसू नकोस.”

“नाही पुसत.”

तीन वाजता नवा कोच शिडीला घेऊन आला. आत्या काचेबाहेर येऊन काठावर उभी राहिली. आयुष्यभर तिने हे दोन शब्द कधी उच्चारले नव्हते. ते दादाचं काम होतं. पहिल्यांदा आवाज असा चिरका निघाला की शिडी ब्लॉकवरच फिस्कन हसली. कोच छताकडे बघू लागला. “हसून झालं असेल तर परत,” आत्या म्हणाली, आणि दुसऱ्यांदा बरा निघाला. “जागा घ्या.” शिडी पाच वेळा सुटली. बेडकीने डावा पाय पुढे घेतला, कुणी न सांगता, आणि पाच वेळा सुटली. शिडी त्र्याहत्तर. बेडकी बाहत्तर, एकाहत्तर, एकाहत्तर, सत्तर, एकाहत्तर. पंधरा मीटरवरही तीच पुढे. शिडीने स्क्रीनवर वाकून आकडे बघितले, ओठ मुडपला आणि बेडकीच्या डोक्यावर ओला टॉवेल आपटला. नंतर ती बराच वेळ कपडे बदलायच्या खोलीतून बाहेर आली नाही.

आकड्यांबरोबर आत्याने चार ओळी लिहिल्या. ‘आधीच्या सात आठवड्यांच्या चाचण्या धरू नयेत. त्यांतली आज्ञा पोहणारीच्या वारलेल्या वडिलांच्या आवाजात होती. ही गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. चूक माझी आहे.’ वारलेल्या हा शब्द तिने त्या दिवसापर्यंत लिहिला नव्हता. लिहून झाल्यावर तो नीट आहे ना, हे तिने दोनदा तपासलं. पाचला वीस मिनिटं असताना कागद गेले. साडेपाचला अध्यक्षांचा फोन आला. ते एकच वाक्य बोलले, पहिला टप्पा तुमची भाची पोहेल, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, “तुम्ही आता घरी जा बघू.”

तलाव रिकामा झाला होता. बेडकीला सांगितलं तेव्हा ती नाचली-बिचली नाही. म्हणाली, “आईला मी सांगते.” मग पुन्हा पोहण्याची टोपी चढवली.

“आता काय?”

“एक त्याच्यावर,” बेडकी म्हणाली. “मोजू नकोस.”

आत्याने कॅमेरे बंद केले, प्लेट बंद केली. पडद्यावरची रेघ गेली. फक्त आवाज चालू ठेवला, अवधी लावला आणि बाहेर येऊन ब्लॉकशेजारी, जिथे दादा उभा राहायचा तिथे, चपला काढून उभी राहिली. का काढल्या, तिलाच माहीत. फरशी गार होती.

“जागा घ्या,” दादा म्हणाला.

बेडकी वाकली. बोटं ब्लॉकच्या कडेवर वळली, टाच मागच्या पट्टीला टेकली. दादाने घसा खाकरला. आत्याला आपले गुडघे सुटलेले कळले, या वेळी यंत्राने न सांगता. तिने ब्लॉकचा दांडा घट्ट धरला.

भोंगा वाजला. बेडकीने उडी मारली नाही. ती तशीच वाकून होती, नजर पाण्याकडे, आणि तिची पाठ हलत होती. आत्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. हाताखाली काय होतंय ते कळत होतं, आणि आपलं नाक वाहतंय, गाल ओले झालेत हेही. सात आठवड्यांनी ते गाल तिचे स्वतःचे वाटत होते, आणि त्यांना दुखत होतं.

मग आत्याने बाहीने तोंड पुसलं.

“अजून एक?” तिने विचारलं.